दुसऱ्याच्या द्रोणातली खीर

"तातोबा, तोंडाला पाणी सुटलं तर ते गिळायचं का थुंकायचं?"

प्रश्न शशिकांत मगदूमचा. मठाच्या ओसरीवर तातोबा पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. शेजारी मीही सोलत होतो. हा समोर हात जोडून उभा.

तातोबांनी हातातली शेंग सोलली. दाणे टोपलीत टाकले.

"आजवर काय करत होतास?"

"थुंकत होतो."

"कुठं?"

"तुळशीमागं."

"आरं बाबा... तिनं तुझं काय घोडं मारलंय?"

मला हसू आवरेना. शशिकांत हसला नाही. उलट त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच त्याच्या तोंडाला पाणी सोडलं होतं.

"मी गंमत करत नाही, तातोबा. सकाळपासून आत गहू शिजतोय. वास येतो. पाणी सुटतं. ते गिळलं तर नियम मोडतो का, एवढंच सांगा."

"बस हितं. शेंगा सोल."

"पण उत्तर..."

"सोलता सोलता सुचंल."

आमचा मठ वेदगंगेच्या काठाला आहे. मोठा नाही. चार खोल्या, एक ओसरी, मागं स्वयंपाकघर. तातोबा मठाचे बुवा, पण भगवं नेसत नाहीत आणि प्रवचन करत नाहीत. कुणी प्रश्न घेऊन आलं की त्याच्या हातात काहीतरी काम देतात. निम्मे लोक कामाला कंटाळून दुसऱ्या दिवशी पळतात. मी टिकलो, कारण पेन्शनीत गेल्यापासून मला घरी कुणी काम सांगत नव्हतं.

शशिकांत इचलकरंजीचा. सूतगिरणीत चांगल्या हुद्द्यावर. वय चाळिशीच्या आत, पण पोट बाहेर. तो मठात आला तो शरीरशुद्धी करायला. मोबाईलवर बघितली होती म्हणे. आठवडाभर दुधीभोपळ्याचा रस, लिंबूपाणी, काकडी. मीठ नाही, गोड नाही, धान्याचा कण नाही. साठलेलं सगळं धुऊन निघतं. दुधी त्यानं पोतं भरून आणले होते आणि मिक्सरही घरून आणला होता.

"घरी का न्हाई केलंस?" तातोबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"घरी जमत नाही. समोर दिसलं की हात जातो. चहा सोडला, धरला. फिरायला जायचं ठरवलं, आठ दिवसांत बंद. आजवर धरलेलं एकही पुरं झालं नाही माझं."

"मग हे तरी कशाला धरलंस?"

मला वाटलं, आता पोटाचं, चरबीचं काहीतरी सांगेल. त्यानं वेगळंच सांगितलं.

"माझी बायको, अलका... आणि मुलगी, रेणू. दोघी माझ्याबरोबर जेवत नाहीत. मी यायच्या आधी जेवून घेतात. माझं ताट झाकून ठेवतात. मी एकटा बसतो, टीव्ही बघत जेवतो. मागं एकदा चिडून विचारलं, तर अलका म्हणाली, तुमच्याबरोबर जेवायला बसायची भीती वाटते."

"भीती?"

"माझी हाव बघवत नसणार त्यांना. मी आडवा-उभा हाणतो, तातोबा. म्हटलं, एकदा स्वतःला साफ करून जातो. एक तरी गोष्ट पुरी करून दाखवतो. मग बसतील माझ्याबरोबर."

एवढा धिप्पाड माणूस, आणि घरच्यांच्या पंगतीत जागा मिळावी म्हणून दुधीचा रस प्यायला निघालेला. मला खरंच वाईट वाटलं.

तातोबा एवढंच म्हणाले, "ऱ्हा."

तर तो राहिला.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवसापासून मात्र त्याचं एक विचित्र सुरू झालं. गडी स्वयंपाकघराच्या दारातून हलेना.

"गौराक्का, आज काय करताय?"

गौराक्का म्हणजे मठाचा स्वयंपाक बघणारी. जिभेनं तिखट, हातानं सढळ.

"पिठलं."

"लसूण ठेचून घालता का चिरून? फोडणीत हिंग पडला का? मिरची जरा जास्त हवी हां त्याला..."

"तू खानार हाईस?"

"छे! माझा नियम आहे."

"मग हिंगाचं काय करतोस?"

तरी तो तिथंच. कुणी जेवायला बसलं की समोर येऊन उभा. कसं झालंय, विचारायचा. नुसतं चांगलं म्हणून भागायचं नाही. म्हणजे कसं? खमंग? जरा खारट? भाकरीबरोबर का भाताबरोबर? एकदा मी ठेचा खात होतो तर म्हणाला, "हळू खा हो. नीट चावून सांगा." मला घास उतरेना.

रात्री झोपायच्या आधी मात्र तातोबांपुढे येऊन ऐटीत बसायचा.

"आजही काही शिवलो नाही. जीभ जिंकली म्हणायला हरकत नाही."

"बरं. जिंकून ठेवलीस कुठं?"

"म्हणजे?"

"न्हाई... इचारलं आपलं."

शशिकांतनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. मलाही कळलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात आला मठाचा भंडारा. म्हणूनच तर सकाळपासून खपली गहू शिजत होता, आणि म्हणूनच तो तुळशीमागचा प्रश्न. आमच्याकडं भंडारा म्हणजे गव्हाची खीर. गूळ, खोबरं, वेलदोडा, वर तुपाची धार. वास नदीच्या पलीकडं जातो. त्या वासात दुधीचा रस पिऊन बसायचं म्हणजे चेष्टा नव्हे.

शेंगा सोलून झाल्या तसा शशिकांत उठला.

"तातोबा, आज पंगतीला मी वाढतो."

"तू?"

"मला जेवायचंच नाही. मग बसून काय करू? खीर मीच वाढतो. बघा तुम्ही, बोटसुद्धा चाटणार नाही."

तातोबांनी दाण्यांची टोपली आत सरकवली.

"वाढ की."

पंगत बसली. शशिकांतनं कमरेला उपरणं गुंडाळलं, एका हातात खिरीची बादली, दुसऱ्या हातात लांब दांड्याचं ओगराळं. वाढायला लागला आणि अख्खी पंगत खूश! आग्रह करावा तर त्यानं. घ्या हो काका, लाजताय काय. वहिनी, तुमचा द्रोण रिकामा कसा. एका हातानं वाढतोय, तोंडानं चेष्टा करतोय. बोट खरंच चाटलं नाही त्यानं. लोक एकमेकांना सांगत होते, स्वतः उपाशी आहे बरं का, बघा केवढा संयम.

पंगतीच्या कडेला सिद्राम नाना बसले होते.

सिद्राम नाना एके काळचे पैलवान. कान चुरगळलेले, खांदे अजून रुंद, पण बाकी सगळं उतरलेलं. ऐंशी कधीच ओलांडली. मागंपुढं कुणी नाही, म्हणून मठातच राहतात. खाणं म्हणजे अर्धी भाकरी आणि वाटीभर आमटी. त्या दिवशी एक द्रोण खीर त्यांनी चवीनं संपवली आणि द्रोणावर हात आडवा धरला.

"पुरे रं पोरा."

"काय नाना! पैलवान तुम्ही, आणि एका द्रोणात चीत?"

पंगत हसली. नानांची मान ताठ झाली. पैलवानाला चीत म्हणायचं, तेही गावादेखत! त्यांनी हात बाजूला घेतला. ओगराळं रिकामं झालं.

तो द्रोण संपला. हात पुन्हा आडवा.

"बास आता. लई झालं."

"घ्या हो! अंगात रग आहे अजून. का मैदान सोडून पळताय?"

पुन्हा हशा. पुन्हा हात बाजूला.

पंगतीच्या टोकाला तातोबा जेवत होते. तिथून ते म्हणाले, "शशिकांत, ते पुरे म्हणालेत."

"म्हणायचंच असतं तातोबा! पंगतीतलं पहिलं पुरे कोण खरं धरतं?"

यावर तर सगळेच हसले, कारण खरंच आपल्याकडं कुणी धरत नाही. तातोबांनी हातातला घास पानात ठेवला.

तिसऱ्यांदा नानांनी हात काढलाच नाही. म्हातारा हात, द्रोणावर झाकण घातल्यागत. शशिकांतनं हातावरच ओतली. खीर बोटांच्या फटीतून द्रोणात गळली. नानांनी हात उचलला, बोटं चाटली, आणि काही न बोलता खायला लागले.

मी तेव्हा शशिकांतकडं बघत होतो. तो पुढं जायचं विसरला होता. त्याची नजर नानांच्या तोंडावर. नाना चावायचे, याचे ओठ हलायचे. नानांनी घास गिळला की याच्या गळ्याची घाटी वरखाली व्हायची.

माझ्या अंगावर काटा आला. पण वेलदोड्याचा वास दरवळत होता, लोक हसत होते, आणि मीही दुसरा द्रोण पुढं केला.

दिवस मावळायच्या आत नाना ओसरीवर ओकले. मग पुन्हा ओकले. मग पांढरेफटक पडले. भंडाऱ्याला आलेली अर्धी माणसं अजून तिथंच होती. सगळ्यांसमोर त्यांना उचलून खोलीत न्यावं लागलं. गावातले डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं आणि आमच्यावर खेकसले.

"वय बघायचं की नाही? आज पोटाला विश्रांती. उद्या सकाळपासून पातळ पेज, थोडी थोडी. पण पेज गेलीच पाहिजे. अंगात काही उरलेलं नाही यांच्या."

डॉक्टर गेले. शशिकांत ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. चेहरा उतरलेला.

"तातोबा, मला काय ठाऊक त्यांना झेपणार नाही ते! जास्तच खाल्लं त्यांनी."

"कुनी खाल्लं?"

"नानांनी."

तातोबा उठले. त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. हात वर करून एक बोट त्याच्या गळ्यावर ठेवलं, बरोबर घाटीवर.

"गोड झालती?"

"मला कसं कळणार? मी तर एक थेंबही..."

बोटाखाली घाटी हलली.

शशिकांत थांबला. खांब धरून हळूहळू खाली बसला.

तातोबा नानांच्या खोलीत निघून गेले.

सकाळी गौराक्कानं तांदळाची पेज केली. मिठाचा एक कण घातलेला. नानांनी तोंड भिंतीकडं केलं.

"न्या ती."

"नाना, डॉक्टर म्हणालेत..."

"अन्नाचं नाव काढू नगा. गावासमोर ओकलो मी. ह्या अंगणात एकेकाळी माझ्या नावानं शिट्ट्या पडत हुत्या."

गौराक्कानं रागावून बघितलं, रडून बघितलं. मी समजूत घातली. तातोबा त्यांच्या उशाशी बसून राहिले, पाय चेपत राहिले. नाना इकडं तोंड करायला तयार नाहीत. दुपार व्हायला आली. ओठ वाळले, डोळे आत गेले. डॉक्टर फोनवर म्हणाले, संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर तालुक्याला हलवा, पण या अंगात तो प्रवास झेपेल असं मला वाटत नाही.

मी फोन ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं.

मग शशिकांत उठला. गौराक्काच्या हातातली वाटी घेतली आणि नानांच्या उशाशी गेला. मी दारात.

"नाना... मी आहे. शशिकांत."

तो खाली टेकला.

"चुकलो मी. तुम्ही पुरे म्हणालात आणि मी ऐकलं नाही. हवं तर थोबाडीत द्या. पण एवढी घ्या."

नाना वळले.

"तू खातोस?"

"मी?"

"इतके दिस बगतोय. सगळ्यांना चारतोस, आनि सोता खात न्हाईस. आधी तू खा. मग मी."

"माझी शुद्धी चालू आहे ना, नाना. उद्या सकाळी पुरी होतेय. उद्यापर्यंत फक्त..."

"बरं. मग मी बी उद्या खातो."

आणि तोंड परत भिंतीकडं.

शशिकांत वाटी घेऊन बाहेर आला. तातोबा अंगणात होते, भंडाऱ्याच्या पत्रावळी गोळा करत. हा त्यांच्यामागं उभा राहिला.

"तातोबा, तुम्ही सांगा. तुम्ही खा म्हणालात की खातो."

तातोबांनी एक पत्रावळ उचलली.

"मी सांगितलं म्हंजे नियम मी मोडला. तुझा ऱ्हातो शाबूत. हुशार हाईस."

"तसं नाही हो..."

"मग कसं?"

शशिकांतनं वाटी छातीशी धरली.

"एक दिवस राहिलाय. एकच. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पुरं होतंय माझं. घरी जाऊन सांगणार होतो, बघा, केलं. आता काय सांगू? म्हाताऱ्यानं हट्ट केला म्हणून मोडलं? अलका हसेल. नाही... हसणारसुद्धा नाही. तिला ठाऊकच असेल, हा मोडणार."

तो रडत होता. भर दुपारी, अंगणात, हातात पेजेची वाटी घेऊन.

मला वाटलं, तातोबा आता काहीतरी बोलतील. मोठं, आयुष्यभर पुरणारं.

तातोबांनी वाटीत वाकून बघितलं.

"गार व्हायलीया," ते म्हणाले, आणि पुढची पत्रावळ उचलली.

शशिकांत उभा राहिला... मग वळला आणि आत गेला.

मीही गेलो. न जाऊन कसं चालेल!

तो नानांसमोर मांडी घालून बसला. वाटीतून एक चमचा घेतला. तोंडाजवळ नेला. डोळे मिटले आणि खाल्ला.

एवढे दिवस मिठाविना काढलेला माणूस. त्या एका कणाची चव त्याच्या तोंडभर पसरली असणार, कारण त्याचा चेहराच बदलला. दुसरा चमचा आपोआप गेला. तिसरा त्याहून घाईनं. चमचा टाकून वाटी तोंडाला लावायला हात उठला, मी बघितलं. मनात म्हटलं, संपलं. हा आता सगळी पिऊन टाकणार.

नाना उताणे होऊन बघत होते. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत जरा चमक आली.

"घे की! चांगला तगडा गडी तू. एवढ्यावर भागतं व्हय?"

शशिकांतचा हात थांबला.

"घे, घे. लाजू नगंस."

त्यानं वाटी खाली ठेवली. हात तिच्यावर आडवा धरला. मला दारातून दिसत होतं, त्याला अजून हवं होतं. खूप हवं होतं.

"पुरे, नाना."

मला वाटलं, नाना आता चीत म्हणतील, मैदान म्हणतील. सगळं व्याजासकट परत करतील. हक्कच होता त्यांचा.

नाना म्हणाले, "बरं."

बस्स. एवढंच. एका पुरेला म्हातारा थांबला.

शशिकांत त्यांच्याकडं बघत राहिला. जणू त्याला असं कुणी थांबतं हे पहिल्यांदाच कळत होतं.

"किती देऊ?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"दोन चमचं."

त्यानं दोनच दिले. तिसरा भरला नाही, तिसऱ्यासाठी वाकलाही नाही. हातात चमचा धरून नुसता बसून राहिला. थोड्या वेळानं नाना आपणहून म्हणाले, "आनि एक दे." त्यानं एक दिला. असं करत संध्याकाळपर्यंत वाटी संपली. गौराक्का दाराआड पदर डोळ्यांना लावून उभी होती आणि मला उगाचच शिव्या देत होती, दारात काय खांबागत उभा राहतोस म्हणून.

तालुक्याला जावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाना काठी टेकत ओसरीवर येऊन बसले. शशिकांतनं पिशवी भरली. उरलेले दुधी गौराक्काला दिले. तिनं त्यांची डाळ घालून भाजी केली आणि त्याच्यापुढं ताट ठेवलं. तो जेवला. भाकरी एक. गौराक्का दुसरी घेऊन आली, त्यानं मान हलवली, ती परत गेली. तातोबा शेजारी बसून जेवत होते.

हात धुऊन तो तातोबांच्या पाया पडला. पण उठेना. तिथंच बसला.

"तातोबा... रविवारी घरी मटण मीच करतो."

"बरं."

"वाढतोही मीच. रेणू ताटावर हात धरते. एवढीशी मुलगी, एवढासा हात. मी म्हणतो, एवढंच? बापाच्या हातचं आवडत नाही? हात बाजूला करून घालतो. अलका पुरे म्हणते, तिलाही घालतो. म्हणतो, माझी शपथ. एकदा रेणू जेवता जेवता रडायला लागली. मला वाटलं, शाळेत काहीतरी झालं असेल."

तातोबा ऐकत होते.

"मला वाटायचं, माझ्या खाण्याची भीती वाटते त्यांना..."

नदीकडून वारा येत होता. नाना ओसरीवर डुलकी घेत होते. मी पावट्याची टोपली उगाचच सरळ केली.

त्यानं डोळे पुसले.

"आता बसतील त्या माझ्याबरोबर?"

"त्ये मला कसं ठावं?"

"मग मी काय करू? शुद्धी तर मोडली. दाखवायला काहीच नाही माझ्याकडं. नुसता जाऊन काय सांगू त्यांना?"

तातोबा उठले. त्याची पिशवी उचलून त्याच्या खांद्याला अडकवली. दोघं पायऱ्यांपर्यंत गेले. मी मागं मागं गेलो.

"काय बी सांगू नगंस. जेवायच्या वक्ताला पोच. त्या बसल्या असतील न्हाईतर नसतील... तू ताट मांड."

"आणि?"

तातोबांनी त्याचा उजवा हात धरला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला, हलू दिला नाही.

"किती वाढू, म्हनून इचार. आनि उत्तर येईस्तवर ओगराळं हलवू नगंस."